झाडावरच राहिलेलं फळ

पीच, आलुबुखार, जर्दाळू, चेरी यांच्या बागा जगात जिथे आहेत, तिथल्या बागाइतदारांनी एका तपकिरी ठिपक्याची धास्ती घेतलेली असते. फळ पिकायला आलं की सालीवर हा ठिपका उमटतो, दोन-तीन दिवसांत सगळं फळ व्यापतो आणि मग त्यावर राखाडी भुकटीचे बारीक झुबके धरतात. ही 'तपकिरी कूज'. ती करणाऱ्या बुरश्या मोनिलिनिया या प्रजातीतल्या. त्यातल्या तिघी बदनाम आहेत: फ्रुक्टिकोला, लॅक्सा आणि फ्रुक्टिजेना. पहिल्या दोघी मुख्यतः कठीण कोयीच्या फळांवर जगतात, तिसरी सफरचंद-नासपतीवर जास्त.

कूज म्हटलं की पाणी सुटलेलं, पिचपिचीत फळ डोळ्यांपुढे येतं. या कुजीत तसं होत नाही. फळ बऱ्यापैकी घट्ट राहतं, हळूहळू सुकतं, सुरकुततं, काळं-कठीण होतं आणि पुष्कळदा गळून न पडता फांदीलाच लटकून राहतं. फळशास्त्राच्या पुस्तकांत त्याला सरळ 'ममी' म्हणतात. बुरशीने गराचा कण न् कण आपल्या धाग्यांनी भरून टाकलेला असतो, आणि त्या कवचात ती बर्फाळ हिवाळा निवांत काढते. वसंतात लटकलेल्या ममींवर पुन्हा बीजाणूंची भुकटी येते. खाली पडून अर्ध्या मातीत गेलेल्या ममींतून देठावरच्या इवल्या तपकिरी वाट्या उगवतात आणि त्या आपले बीजाणू हवेत उडवतात, तेही नेमके झाडं फुललेली असताना. आधी फुलं करपतात, मग डहाळ्या, मग नवी फळं. म्हणून तिकडचा जाणता बागाइतदार हिवाळ्यात झाडाझाडाखाली फिरून ममी वेचतो. औषधफवारणीचा विचार त्यानंतर.

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या हळर्ण गावात पीच होत नाही. फुलण्याआधी या झाडांना शेकडो तासांची थंडी लागते, ती पेडण्यात कुठून आणणार? तेव्हा मोनिलिनियाचं इथे काही चालत नाही. पण गेल्या वर्षीच्या फळात दडी मारून या वर्षीच्या फळावर तुटून पडण्याची तिची रीत गोव्याच्या पावसात दुसऱ्याच एका जिवाने साधली आहे. दोघांचं आपसात काडीचं नातं नाही. एकाला बर्फ सोसतो, दुसऱ्याला पाऊस लागतो. या प्रकरणात मला सांगायचंय ते मुख्यतः या दुसऱ्याबद्दल, कारण तो आपल्या दारातला आहे.

तिळारी नदी दोडामार्गातून उतरून गोव्यात शिरते, शापोरा होते आणि हळर्णच्या किल्ल्याजवळून समुद्राकडे जाते. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ साली पोर्तुगिजांनी तो घेतला आणि त्या स्वारीच्या व्हाइसरॉयला पुढे 'मार्केस द अलोर्ना' अशी पदवी मिळाली, त्यामुळे या आडगावाचं नाव लिस्बनच्या दरबारात बरंच फिरलं. गावाला त्यातून काय मिळालं, हा प्रश्न वेगळा. आपल्याला हवी आहे ती नदीकाठची भूमी. वर जांभ्याचे सडे आणि काजू, खाली ओलसर खोलगट जागा, आणि जिथे झऱ्याचं किंवा पाटाचं पाणी आहे तिथे माड, पोफळी, केळी, मिरवेली एकमेकांच्या सावलीत दाटीने वाढवलेलं कुळागर. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वाऱ्याला वाव नसलेल्या अशा बागेत त्या चार महिन्यांत पानाफळांवरचं पाणी धड वाळतच नाही.

आणि पोफळीचं, म्हणजे गोव्यातल्या बोलण्यातल्या माडीचं, वेळापत्रक असं की कोवळं फळ नेमकं याच दिवसांत झाडावर असतं. फुलोरा साधारण डिसेंबर ते एप्रिलमध्ये सुटतो, फळ पिकायला आठ ते अकरा महिने घेतं, काढणी दिवाळीनंतर सुरू होते आणि शिमग्यापर्यंत चालते. म्हणजे मृग लागतो तेव्हा घडाघडात हिरवी, रसरशीत, अजून कठीण न झालेली सुपारी लगडलेली असते. पुढचा सगळा पावसाळा तिने उघड्यावर काढायचा. चवथीला गणपतीपुढे माटोळी बांधतात, तिच्यात हिरव्या सुपारीचा घोस लागतोच. तो भरगच्च मिळाला की त्या वर्षी बागेला रोग नाही असं समजायला हरकत नाही, कारण रोग असता तर चवथीपर्यंत घोसात निम्मी जागा रिकामी दिसली असती.

रोगाचं नाव कोळेरोग. नाव घाटापलीकडून, कानडी मुलखातून आलेलं; तिथे त्याला महाळीही म्हणतात. लक्षणं सांगायला सोपी आहेत. आधी फळाच्या टोपीजवळ, म्हणजे देठाकडच्या पाकळ्यांच्या कडेला, पाणी मुरल्यासारखा गडद हिरवा डाग दिसतो. फळाची तकाकी जाते. डाग टोकाकडे सरकतो आणि फळ टोपी वरच ठेवून गळतं. सकाळी बागेत गेलं की जमिनीवर सुपारीचा सडा, आणि एका-दोन दिवसांत त्या पडलेल्या फळांवर कापसासारखी पांढरी बुरशी. आतली सुपारी हलकी, पोकळ, काळपट. बाजारात तिला कोणी विचारत नाही. वाईट वर्षात, दुर्लक्षित बागेत, नव्वद टक्क्यांपर्यंत फळ असं गेल्याच्या नोंदी आहेत. आणि रोग घडावरून शेंड्यात उतरला तर कोंबच कुजतो. पोफळीला कोंब एकच. तो गेला की झाड गेलं.

पांढरी बुरशी असं मी आत्ता लिहिलं खरं, पण ही बुरशी नाहीच. तिचं नाव फायटोफ्थोरा. १८७६ साली आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने ते दिलं, बटाट्याच्या करप्यावरून. १८४५ पासूनच्या दुष्काळात ज्याने आयर्लंडमध्ये दहाएक लाख माणसं मारली आणि तितक्याच किंवा त्याहून जास्त लोकांना देश सोडायला लावला, तोच हा करपा. धागे, बीजाणू, पांढरा कापूस असं वरवर सगळं बुरशीसारखं दिसतं, म्हणून शंभरेक वर्षं तिला बुरश्यांतच बसवलं गेलं. पण खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिका कायटिनच्या असतात, फायटोफ्थोराच्या मुख्यतः सेल्युलोज आणि तत्सम द्रव्यांच्या. आज तिची गणना समुद्रातलं तपकिरी शेवाळ आणि डायटम यांच्या गोतावळ्यात होते. थोडक्यात, जमिनीवर आलेला हा पाण्यातला जीव आहे आणि त्याने पाण्यातली सवय सोडलेली नाही.

ती सवय म्हणजे पोहणं. रोगट फळाच्या पृष्ठभागावर लिंबाच्या आकाराच्या सूक्ष्म पिशव्या तयार होतात. पावसाचा थेंब आपटला की त्या सुटतात आणि वाऱ्याबरोबर उडालेल्या तुषारांतून शेजारच्या घडावर, शेजारच्या झाडावर जातात. तिथे पाण्याचा पातळ थर असला आणि हवा गारठलेली असली की पिशवी फुटते आणि आतून डझन-दोन डझन चलबीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्या. आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. हे जीव खरोखर पोहतात, फळातून झिरपणाऱ्या द्रव्यांचा माग काढत जागा शोधतात, तिथे स्थिरावून शेपट्या टाकतात आणि अंकुर काढून सालीत घुसतात. पोहण्यासाठी त्यांना थेंबभर पाणी पुरतं, पण ते काही तास टिकावं लागतं. म्हणून नुसत्या धो धो पावसापेक्षा पाऊस, मग तासभर ऊन, पुन्हा पाऊस अशी श्रावणातली हवा या रोगाला जास्त मानवते. बागाइतदार अशा हवेला उगाच नावं ठेवत नाहीत.

कोळेरोगाचा शास्त्रीय शोध विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. ब्रिटिश सरकारचा कवकशास्त्रज्ञ एडविन बटलर याने १९०६ च्या सुमारास त्याची पाहणी केली. मग म्हैसूर संस्थानात आलेल्या लेस्ली कोलमन या कॅनडियन माणसाने मलनाडातल्या बागांत मुक्काम ठोकून या रोगाचा कसून अभ्यास केला आणि १९१० साली तो प्रसिद्ध केला. रोगकारकाला त्याने दिलेल्या नावातला 'अरेकी' हा शब्द पुढे जातीचं नाव म्हणून टिकला: फायटोफ्थोरा अरेकी. अलीकडे कर्नाटकातल्या बऱ्याच बागांत फायटोफ्थोरा मीडी ही जात सापडते, जी रबराच्या झाडांची पावसाळी पानगळ करते. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात गेल्या काही दशकांत रबराच्या लागवडी वाढल्या आहेत, त्यामुळे हा तपशील शापोऱ्याच्या खोऱ्यातल्या वाचकाने लक्षात ठेवावा.

कोलमनने पाहिलं तेव्हा मलनाडातले शेतकरी हात बांधून बसलेले नव्हते. पाऊस लागण्याआधी झाडावर चढून ते घडाघडाला गवताची किंवा पोफळीच्या विरीची टोपरी बांधत. फळ भिजलं नाही तर रोग येत नाही, हे त्यांना कोणत्याही सूक्ष्मदर्शकाशिवाय कळलेलं होतं. कासारगोडच्या मध्यवर्ती रोपवन पीक संशोधन संस्थेने पुढे घडाला पॉलिथिनची पिशवी घालायची शिफारस केली ती याच तत्त्वावर. उपाय बिनविषारी आणि खात्रीचा. पण झाडाला चार-पाच घड आणि बागेत हजार झाडं असली की इतकी टोपरी बांधणार कोण? कोलमनने त्यावर बोर्डो मिश्रणाचा मार्ग दाखवला, आणि तो आजही कोकण-गोव्यापासून केरळपर्यंत चालू आहे.

बोर्डोची कथा मला सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रान्समधल्या बोर्डो भागात, रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून मळेवाले त्यांवर मोरचूद आणि चुना यांचं निळं मिश्रण शिंपडत. दिसायला विषारी, चवीला कडू. १८८२ च्या शरद ऋतूत पिएर मियार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की मळ्यात सगळीकडे केवडा रोगाने पानं झडली आहेत, फक्त रस्त्याकडेच्या निळ्या वेली हिरव्यागार आहेत. तीन वर्षं प्रयोग करून १८८५ साली त्याने कृती जाहीर केली. चोरांसाठीचं औषध रोगाला लागू पडलं हा योगायोगच, पण ते सुपारीलाही लागू पडावं यात योगायोग नाही. द्राक्षाचा केवडा हासुद्धा फायटोफ्थोराचा भाऊबंद, तोही पोहणाऱ्या बीजाणूंचा. तांब्याचा अत्यल्प अंश पाण्यात उतरला तरी हे उघडे, भिंत नसलेले चलबीजाणू मरतात.

कृती अशी: एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात, ढवळत ढवळत ओतायचं. उलट ओतलं तर मिश्रण फाटल्यासारखं होतं, लवकर तळाला बसतं आणि फळाला नीट धरत नाही. लोखंडी पिंप वापरायचं नाही. शेवटी घासलेलं चाकूचं पातं मिश्रणात मिनिटभर बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घालायचा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. पहिली फवारणी मृगाआधी, कोरड्या घडावर. दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, पावसाने उघडीप दिली की. पाऊस लांबला तर तिसरी. यात वेळेला सगळं महत्त्व आहे. बोर्डो हे संरक्षक कवच आहे, आत शिरलेल्या रोगाला ते हात लावू शकत नाही. सडा पडलेला पाहून फवारणीला धावणं म्हणजे बरीचशी फुकट मेहनत.

फायटोफ्थोरा बुरशी नाही, हा मुद्दा वर्गीकरण करणाऱ्यांच्या चर्चेपुरता राहत नाही, तो थेट खिशाला लागतो. कृषी सेवा केंद्रात जाऊन नुसतं 'बुरशीनाशक द्या' म्हटलं तर हातात काय पडेल याचा नेम नाही. कार्बेन्डाझिम हे अतिशय खपाचं बुरशीनाशक फायटोफ्थोरावर चालत नाही. ट्रायअझोल गटातली औषधं बुरशीच्या पेशीपटलातलं अर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत. फायटोफ्थोरा ते बनवतच नाही, मग अडवणार काय? चालतात ती तांब्याची औषधं, मेटालॅक्सिल, मॅन्डीप्रोपामिड, पोटॅशियम फॉस्फोनेट अशी मोजकी. आंब्याच्या करप्यासाठी आणलेलं उरलेलं औषध पोफळीवर मारून टाकणं सगळ्यांनाच सुचतं. ते पैसे पावसात गेले म्हणून समजा.

तांब्याचीही एक बाजू आहे. मोरचुदात वजनाने चौथा हिस्सा तांबं असतं, म्हणजे शंभर लिटर बोर्डोमागे २५० ग्रॅम. ते कुजत नाही, विरत नाही, वर्षानुवर्षं मातीत साठतं. द्राक्षमळ्यांत शतकभराच्या फवारणीने मातीतलं तांबं इतकं वाढलं की युरोपीय संघाने हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा घातली. आपल्या कुळागरात पोफळीखाली मिरी आहे, केळ आहे, जायफळ आहे, आणि सगळ्यांच्या मधून वाहणारं पाणी खालच्या वाडीवर जातं. माझं मत असं की दोन फवारण्यांच्या जागी चार करण्याआधी झाडाच्या शेंड्याकडे एकदा नीट पाहावं.

तिथेच मोनिलिनियाची ममी आपल्याला पुन्हा भेटते. पावसाळ्याच्या सुरुवातीला रोग लागलेलं फळ गळतं, पण भाद्रपदाच्या सुमारास लागण झालेली बरीच फळं गळत नाहीत. ती घडातच सुकतात, काळी पडतात आणि काढणीच्या वेळी 'यात काही नाही' म्हणून झाडावरच सोडली जातात. त्या सुकल्या घडात, कुजून मेलेल्या शेंड्यांत फायटोफ्थोरा उन्हाळा काढते. आता विचार करा, पोफळ चाळीस-पन्नास फूट उंच. जमिनीवर पडलेल्या सुपारीवरून उडालेला तुषार तेवढा वर जाणं अवघड. पण शेंड्याला लटकलेल्या जुन्या घडावर मृगाची सर आली की रोग बरोबर त्याच उंचीवर सुटतो, नव्या घडापासून हातभर अंतरावर, आणि वाऱ्याच्या दिशेने शेंड्याशेंड्यांतून पुढे जातो. खाली पडलेली सुपारी गोळा करून जाळायला सगळे सांगतात, आणि ते करावंच. वरचा घड मात्र नजरेच्या टप्प्यात नसल्यामुळे सुटतो.

आंब्याचं थोडक्यात सांगतो, कारण पेडण्यात मानकुराद आंब्याशिवाय फळांची गोष्ट कोणी पुरी मानणार नाही. त्याच्यावरचे काळे डाग कोलेटोट्रायकम या खऱ्याखुऱ्या बुरशीचे, करपा नावाने ओळखले जाणारे. ती मोहोरात आणि कैरीत शिरते आणि सालीखाली गप्प बसते. कच्च्या सालीतली काही द्रव्यं तिला वाढू देत नाहीत. फळ पिकताना ती द्रव्यं घटतात आणि अढीत सुंदर दिसणारा आंबा दोन दिवसांत डागाळतो. वळवाच्या सरी पडून गेल्यावर काढलेला आंबा जास्त डागाळतो तो त्यामुळे. काढल्याबरोबर ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहाएक मिनिटं बुडवला तर बरीच बुरशी सालीतच मरते. पण हिचंही मूळ घर म्हणजे सुकलेल्या डहाळ्या आणि झाडाला चिकटून राहिलेला वाळका मोहोर.

तर पोफळीच्या बाबतीत वर चढून जुना घड काढायचा, एवढंच काम. ते सोपं वाटतं. पोफळीवर चढणारा माणूस एका झाडावरून खाली उतरत नाही, शेंडा झुलवून शेजारच्या झाडाचा बुंधा पकडतो आणि अशी वीस-पंचवीस झाडं पुरी करतो. ही कला येणारी माणसं आता फार कमी राहिली आहेत, आणि उरलेल्यांच्या मुलांनी ती शिकलेली नाही, शिकावी असा आग्रह धरण्याचा हक्कही कोणाला नाही. काढणीच्या हंगामात असा माणूस दोन दिवस मिळाला तर पिकले घड पाडून घ्यायचे की वाळके कापून घ्यायचे, यात बागाइतदार काय निवडेल हे सांगायला नको. घाटापलीकडे कार्बन फायबरच्या लांब दांड्या आल्या आहेत. जमिनीवर उभं राहून त्यांनी घड कापता येतो, त्याच दांडीला नळी जोडून बोर्डो मारता येतं. दाट कुळागरात, जिथे पोफळीला मिरवेल लपेटलेली आणि मध्ये माडांची झापं आडवी आलेली, तिथे ती दांडी फिरवायला सराव लागतो आणि दोन माणसं लागतात.

शिवाय एकट्याने साफसफाई करून भागत नाही. वाऱ्याबरोबर उडणारा तुषार गडगा ओलांडतो. शेजारच्या बागेचा मालक मुंबईत किंवा पणजीत असेल, तिथे दोन वर्षं कोणी चढलेलं नसेल, तर आपल्या कडेच्या रांगांना रोग आधी तिकडून येणार. अशा ठिकाणी शेजाऱ्याला फोन करून, शिमग्याआधी आपल्या चढणाऱ्या माणसाकडूनच त्याच्या कडेच्या दोन-तीन रांगांमधले वाळके घड उतरवून घेणं आणि त्या दिवसाची मजुरी आपल्या हिशेबात धरणं बोर्डोच्या एका जादा फवारणीपेक्षा बहुधा स्वस्त पडतं.